पाण्याच्या वरच्या बाजूला

तरंगतं घर बघायला गेलं की आधी घर बघायचं नसतं. आधी डॉकच्या फळ्यांवर गुडघे टेकायचे, कडेवरून वाकायचं आणि घराखालचे ओंडके पाण्याच्या किती वर आहेत ते बघायचं. एक कोपरा बघून भागत नाही, चारही बघायचे. एखादा चार बोटं खाली गेला असेल तर का गेला ते विचारायचं. हे आम्हाला घरं दाखवणाऱ्या बाईंनी शिकवलं. दाराचं कुलूप काढण्याआधी त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला ओणवं व्हायला लावलं. हिवाळा सरत आला होता, फळ्या ओल्या होत्या, आणि हिरवट काळ्या पाण्यात माझ्या कवेत मावणार नाहीत एवढे जाड ओंडके एकाला एक लागून पडले होते. त्यांच्यावर आडव्या तुळया, आणि तुळयांवर एक अख्खं घर. लाकडी चिपांनी मढवलेल्या भिंती, निळं दार, खिडकीत रोझमेरीची कुंडी.

ओंडके सीडरचे. इथल्या जंगलातला तांबडा सीडर हलका, तरंगण्यासाठीच जन्मल्यासारखा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलच्या भोवतीची जुनी झाडं धडाधड पडत होती, तेव्हा लाकूडतोडे, गिरणीतले कामगार, मासेमार, बोटी बांधणारे सुतार अशा माणसांनी शहरातली जमीन परवडेना म्हणून ओंडक्यांच्या तराफ्यांवर खोपटी उभी केली. त्या जातीचे, त्या घेराचे ओंडके आता विकत मिळत नाहीत. लाकूड पूर्ण पाण्याखाली राहिलं तर सहसा कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. कुजतं ते पाण्याच्या रेषेपाशी, जिथं ओलही असते आणि हवाही. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरून चाळण करणारा शिपवर्म असतो. हे घर ज्या तळ्यावर आहे त्या लेक युनियनचं पाणी गोडं, त्यात तो जगत नाही. म्हणून शंभरीला टेकलेले तराफे अजून घरं पेलून आहेत. नवी घरं काँक्रीट आणि फोमच्या तराफ्यावर बांधतात. ती अधिक भरवशाची, हे मला पटतं. तरी त्या ओंडक्यांवर हात ठेवल्यावर माझं मन तिथंच गुंतलं, आणि ते मी लपवणार नाही.

लेक युनियन शहराच्या अगदी पोटात आहे. उत्तरेच्या काठावर गॅस वर्क्स पार्क: कोळशापासून गॅस तयार करणारा जुना कारखाना १९५६ साली बंद पडला, त्याचे गंजलेले मनोरे तसेच ठेवून भोवती बाग केली. पाण्यावरून छोटी विमानं उडतात आणि पाण्यावरच उतरतात. पूर्वेकडे हायवेच्या उंच पुलाची घरघर अखंड चालू असते, आणि ती घरात ऐकू येते. घर दाखवताना कुणी त्याबद्दल बोलत नाही म्हणून मी सांगून ठेवते. या तळ्यावर आणि शेजारच्या पोर्टेज बेमध्ये मिळून अशी पाचशेच्या आसपास घरं उरली आहेत. एके काळी दोन हजारांच्या वर होती.

मालकीणबाई आत होत्या. घर बघायला कुणी येणार असलं की इथले विकणारे बाहेर निघून जातात, तशी रीत आहे. या थांबल्या होत्या, आणि बरं झालं थांबल्या. ऐंशीच्या घरातल्या, चाळीसेक वर्षं याच घरात राहिलेल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आपल्याकडे देवाचं कॅलेंडर लावतो तशा जागी, त्यांनी गवंड्याची पाणसळ कायमची ठोकून ठेवली होती. रोज सकाळी कॉफी करताना त्या बुडबुड्याकडे एकदा बघायचं. बुडबुडा रेघांच्या मधे असला की दिवस सुरू.

"हे घर सगळं सांगतं," त्या म्हणाल्या. त्यांनी ओतीव लोखंडाची शेगडी आणली तेव्हा वायव्येचा कोपरा दोन बोटं बसला. नवरा गेला आणि त्याची पुस्तकं वाचनालयाला दिली, तेव्हा तीच बाजू वर आली. नाताळला मुलं, नातवंडं सगळी तळ्याकडच्या खिडकीशी गोळा झाली की घर त्या बाजूला किंचित कलतं आणि टेबलावरच्या ग्लासांतलं पाणी ते दाखवतं. ओंडके वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी पितात, जड होतात. मग पाणबुड्याला बोलवायचं. तो प्लास्टिकचे ड्रम पाण्यातून घराखाली नेतो, ओंडक्यांच्या मधल्या जागेत बसवतो आणि वरून आणलेल्या नळीने त्यांत हवा भरतो. हवा भरत जाते तसतसं घर वर येतं. बाईंकडे वहीच होती: कुठल्या साली, कुठल्या कोपऱ्याखाली, किती ड्रम.

मला ती वही फार आवडली. मी आजवर ज्या घरांत राहिले त्यांनी माझ्या वजनाची दखल कधी घेतली नाही. कपाट घेतलं, सोफा घेतला, माणूस आला, माणूस गेला, जमीन काही बोलली नाही. इथं कपाट कुठं ठेवायचं हा प्रश्न खोलीपुरता नसतो, तो तराफ्यापर्यंत जातो. आमच्याकडे मराठी पुस्तकांची जड कपाटं आहेत, प्रत्येक भारतवारीत वाढलेली. नवऱ्याने त्यांची लांबी मनातल्या मनात भिंतीला लावून पाहिली असणार, कारण त्याने लगेच विचारलं, पुस्तकं दोन बाजूंना विभागली तर चालेल का. बाई म्हणाल्या, चालेल, पण जाड खंड मधे ठेवा.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पाणपक्ष्यांचा एक थवा आला. काळे, पांढऱ्या चोचीचे, मान पुढेमागे करत पोहणारे. आपल्याकडच्या चांदव्याचे हे अमेरिकन भाऊबंद. आणि मी एकदम उजनीवर पोचले.

चांदवा मी लहानपणी पाहिला तो उजनीच्या पाण्यावर. आईचं माहेर भीमेच्या काठचं, इंदापूर तालुक्यातलं. ते गाव पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पुरं झालं. ते काठोकाठ भरलं की ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. उन्हाळ्यात पाणी त्याही पातळीखाली उतरलं की तिकडची माणसं म्हणतात, धरण मायनसमध्ये गेलं. फारच मायनसमध्ये गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं. आधी शिखर, मग भिंती, मग गाळात रुतलेलं आवार. माणसं होडीतून आणि पुढं पायी चालत दर्शनाला जातात. वर्तमानपत्रांत फोटो येतात. आमच्या घरात तो फोटो आला की त्या दिवशी आई कुणाशी फार बोलत नाही.

आजोळचं घर माळवदाचं होतं. पाणी यायच्या आधी आजोबांनी ते स्वतःच्या हातांनी उतरवलं. दारं, चौकटी, खांब, तुळया बैलगाडीत घातल्या आणि नव्या गावठाणावर नेल्या. आई तेव्हा लग्न होऊन गेली होती. घर उतरवायला माहेरी आली, आणि मी तिच्या कडेवर होते. भिंती मागे राहिल्या. त्या मातीच्या, त्या विरघळल्या असतील. जोतं दगडाचं, ते असेल. आपल्याकडे गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी सांगतात, काळीत शेत आणि पांढरीत घर. आजोबांची दोन्ही गेली, आणि दोन्हींचे कागद त्यांच्याकडे पक्के होते. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला. त्यानंतरही कोणाला कुठं, किती आणि कधी मिळालं हा हिशेब आमच्याकडे लग्नाकार्याच्या पंगतीत अजून निघतो. मामा मात्र बरीच वर्षं एक गोष्ट करायचा. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनी सरकार हंगामापुरत्या कसायला देतं, त्याला गाळपेर म्हणतात. मामाने स्वतःच्याच बापाचं रान असं गाळपेरीने घेतलं होतं. त्यात कलिंगडं चांगली यायची.

अशा घरातली मी मुलगी, आणि मी पाण्यावरचं घर विकत घ्यायला निघाले होते.

त्या रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि काढलेले फोटो एकेक करून दाखवले. तिने चष्मा पुसून नीट बघितले. घर लहान आहे, म्हणाली. ओटा चांगला आहे, म्हणाली. मग विचारलं, "जमीन किती?"

"जमीन नाही गं आई. पाण्यावर आहे."

"ते मला दिसतंय. पाण्याखाली तरी जमीन असेल ना? ती कुणाच्या नावावर?"

घरं दाखवणाऱ्या बाईंना हा प्रश्न विचारायला आम्हाला दीड तास लागला होता, आणि खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. लेक युनियनच्या काठालगतचा तळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्लॉट पाडून विकला गेला होता. म्हणजे पाण्याखालच्या जमिनीलाही उतारा आहे. काही घरं भाड्याच्या जागेवर बांधलेली असतात. घर तुमचं, पण खालची जागा दुसऱ्याची, आणि भाडं तो ठरवणार. काही डॉकवरच्या घरमालकांनी मिळून जागा विकत घेतली आहे. हा डॉक त्यातला. बारा घरांची सहकारी सोसायटी, वर्गणी, सभा, इतिवृत्त, सगळं आपल्या पुण्या-मुंबईसारखं. हे सांगितल्यावर आईचा चेहरा जरा सैल झाला. सोसायटी तिला कळते.

"आणि पाणी वाढलं तर?"

"घरही वर चढतं. जेवढं पाणी वाढेल तेवढंच."

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी व्यवहाराच्या आवाजात, "पाणी किती वाढू द्यायचं ते कोण ठरवतं तिथं?"

सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने बँकेच्या माणसाच्या आधी हा प्रश्न विचारला. इंदापुरात पाऊस नसतानाही पाणी चढतं. पुण्याच्या घाटात कोसळलेला पाऊस, वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी, कुठल्या तरी कार्यालयातला निर्णय. पाण्याची पातळी ही निसर्गाइतकीच माणसाच्या हातात असते, हे धरणग्रस्ताच्या लेकीला कुणी शिकवावं लागत नाही.

इथं ते ठरतं बॅलर्डला. या तळ्याचं पाणी समुद्राकडे जातं तिथं अमेरिकन सैन्याच्या अभियंत्यांनी बांधलेली जलद्वारं आहेत, आणि तिथून आतला कालवा १९१७ साली रीतसर खुला झाला. युनियन हे नावही त्याच कालव्याच्या स्वप्नातून आलेलं: १८५४ साली टॉमस मर्सर नावाच्या वसाहतकाराने भाकीत केलं होतं की हे छोटं तळं एक दिवस मोठ्या लेक वॉशिंग्टनला समुद्राशी जोडेल. जोडलं, आणि तेव्हापासून तळ्याची पातळी वर्षभर दोनेक फुटांच्या आत राखली जाते. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली. म्हणूनच घरांना ओंडक्यांवर राहणं जमतं. पाणी उजनीसारखं उन्हाळ्यात दूर निघून गेलं असतं तर ही सगळी घरं चिखलात तिरकी बसली असती.

पण या सुखाचीही किंमत कुणी तरी दिली. कालव्यासाठी १९१६ साली लेक वॉशिंग्टनचं पाणी सुमारे नऊ फूट उतरवलं. त्या तळ्यातून निघणारी ब्लॅक रिव्हर त्यामुळे कोरडी पडली. तिच्या काठी ड्वामिश लोकांच्या वस्त्या होत्या, त्यांची मासेमारी त्या नदीवर होती. माझ्या आजोळी पाणी चढलं म्हणून गाव गेलं, त्यांच्याकडे पाणी उतरलं म्हणून नदी गेली. मी बॅलर्डला पुष्कळदा गेले आहे. उन्हाळ्यात तिथल्या मत्स्यसोपानाच्या काचेतून समुद्रातून परतणारे सॅमन मासे दिसतात, पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथं नेतोच. आता मात्र मी दारं उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या माणसांकडे बघत राहते. मी राहायला गेले तर माझं घर तरंगणार ते सीडरवर आणि त्यांच्या रोजच्या कामावर. आजोबांच्या घराखालीही नुसते दगड नव्हते. तिथंही कुणाचं तरी म्हणणं होतं, ते बदललं आणि जोतं उरून उपयोग झाला नाही. फरक एवढाच की त्यांना ते शेवटपर्यंत दिसलं नव्हतं, मला इथं पहिल्याच दिवशी दिसलं.

इथल्या घरांनाही हुसकावून लावायचे प्रयत्न झाले होते. गेल्या शतकाच्या मध्यावर ती गरिबांची, मजुरांची, विद्यार्थ्यांची, कलावंतांची घरं होती, आणि त्यांचं सांडपाणी सरळ तळ्यात जायचं. शहराला ती नकोशी होती. शहराच्या गटारांचंही पाणी त्याच तळ्यात सुटत होतं, ही गोष्ट सोयीस्कर बाजूला ठेवली जायची. मग टेरी पेटस उभा राहिला. हा पत्रकार, कामगार चळवळीतला, कम्युनिस्ट. १९५० च्या दशकात त्याच्यावर स्मिथ कायद्याखाली खटला होऊन शिक्षा झाली होती, ती पुढे रद्द झाली. तो स्वतः या तळ्यावरच्या घरात राहायचा. १९६२ साली तरंगत्या घरांची संघटना झाली, तिचा तो कणा. त्याने घाण नाकारली नाही. तो म्हणाला, आम्हाला ड्रेनेजच्या लाइनीला जोडून द्या. हे मला फार मोठं वाटतं. हटवायला आलेल्यांच्या हातातला मुद्दा घ्यायचा आणि त्याचीच मागणी करायची. जोडण्या झाल्या, घरं राहिली. पूर्वेच्या काठावर या डॉकांच्या ओळीतच त्याच्या नावाची छोटी बाग आहे. एक बाक, थोडं गवत, पाण्यात उतरायला जागा. आम्ही घर बघून निघालो तेव्हा तिथं जाऊन बसलो. आमच्या भीमाकाठीही अशी माणसं होती, सभा घेणारी, मोर्चे काढणारी, अर्ज लिहून देणारी. त्यांच्या नावाची बाग मी अजून पाहिलेली नाही.

आज प्रत्येक घराला सांडपाण्याचा पंप असतो, आणि घर हलतं म्हणून जोडणीचे पाइप लवचीक असतात. पाण्याची नळीही डॉकखालून येते; कडाक्याची थंडी पडली की ती गोठू नये म्हणून रात्रभर नळाची बारीक धार चालू ठेवायची. बर्फ पडलं तर छतावरचं बर्फ वेळेवर ढकलायचं, कारण त्याच्या भाराने घर खाली बसतं. मी हे सगळं लिहून घेत होते आणि मला भीती वाटत नव्हती. उलट, कामं कळली की घर आपलंसं वाटायला लागतं.

पैशाचं प्रकरण मी थोडक्यात सांगते, कारण त्यात रमण्यासारखं काही नाही. खालची जागा मालकीची असेल तर अशी घरं दहा लाख डॉलरच्या पलीकडे जातात. कर्ज देणारे मोजके, ते आधी मोठी रक्कम रोख मागतात. मजुरांनी परवडत नाही म्हणून बांधलेली घरं आज मजुरांना परवडत नाहीत, आणि आम्ही दोघं संगणकाच्या कामावर पोट भरणारे लोक ती बघायला जातो. हे मला टोचतं.

कायद्याचा मुद्दा मात्र मला रात्री जागवत राहिला. तरंगतं घर हे घर की जहाज? फ्लोरिडात रिव्हिएरा बीच नावाच्या गावाने फेन लोझमन या माणसाचं तरंगतं घर जहाज ठरवून सागरी कायद्याखाली जप्त केलं, लिलावात स्वतःच विकत घेतलं आणि मोडून टाकलं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ जानेवारी २०१३ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की हे जहाज नव्हे. त्याला सुकाणू नाही, स्वतःच्या बळावर ते हलत नाही, त्याच्याकडे बघून कुणाही शहाण्या माणसाला ते प्रवासासाठी बांधलंय असं वाटणार नाही. निकाल लोझमनच्या बाजूने लागला तेव्हा घर उरलं नव्हतं. हे वाचताना मला आजोबा आठवले. कोर्टकचेऱ्यांत जिंकूनही काय परत मिळतं आणि काय मिळत नाही, हे आमच्या घरात पुष्कळ बोललं गेलं आहे.

नवऱ्याच्या शंका वेगळ्या आणि खऱ्या होत्या. आत्ता आम्ही बेलव्ह्यूच्या ज्या घरात राहतो तिथं अंगण आहे, गॅरेज आहे, गाडीतून सामान थेट फ्रीजपर्यंत जातं. इथं रस्त्यावर गाडी लावायची, हातगाडीत पिशव्या घालायच्या आणि डॉकवरून ढकलत न्यायच्या, पावसात. सिअ‍ॅटलचा पाऊस म्हणजे आपला पाऊस नव्हे, तो गर्जत येत नाही, ऑक्टोबरपासून नुसता भुरभुरत राहतो, आणि डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. डॉकवर उतरायचा उतार हिवाळ्यात पाणी खाली गेलं की अधिक तीव्र होतो. त्याच्या बाबांना आता वॉकर लागतो. ते दर उन्हाळ्यात येतात, आणि उन्हाळ्यात उतार सोपा असतो, पण पुढच्या वर्षी काय, त्याच्या पुढच्या वर्षी काय? मुलगी कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, म्हणून आपण लहान जागा शोधतोय. उद्या म्हातारपणी आपल्यालाच ही फळी ओलांडता येईल का?

याचं उत्तर मालकीणबाईंच्या शेजाऱ्यांनी दिलं, न विचारता. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक मध्यमवयीन गृहस्थ हातगाडीत किराणा घालून येत होते. त्यांनी बाईंच्या दारात दुधाचे डबे आणि बटाट्याची पिशवी ठेवली, आणि तसेच पुढं आपल्या घराकडे गेले. दार वाजवलं नाही, वाट बघितली नाही. बाईंनी आतूनच हात केला. नंतर कळलं की गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं सामान असंच येतं, आणि डॉकवर कुणाचा पंप बंद पडला की सगळे टॉर्च घेऊन बाहेर येतात, कारण सगळ्यांची लाइन एकच. दोरखंड, नळ्या, फळ्या, सगळं सामायिक. एकाचं घर कललं तर ते शेजारच्याला घासतं, म्हणून एकाच्या ओंडक्यांची काळजी दुसऱ्यालाही असते. बेलव्ह्यूत आमच्या शेजारच्या घरात कोण राहतं ते मला माहीत आहे, पण त्यांच्या गुडघ्यांविषयी मला काही माहीत नाही. नवऱ्याने तो हातगाडीचा प्रसंग पाहिला आणि त्यानंतर उताराचा विषय काढला नाही.

मला ते घर का हवं आहे, हे मी त्याला नीट सांगितलं. उजनीच्या काठावर आमच्या घरातलं कुणीही उभं राहिलं की त्याची नजर पाण्यावर थांबत नाही. ती आत जाते. ते तिथं पार होता, तिथं चावडी, तिथं आपली विहीर. तिथं हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात, भिगवणला लांबलांबून लोक कॅमेरे घेऊन ते बघायला येतात, आणि माझा मामा त्या गुलाबी रांगेकडे पाठ करून बोटाने गावाची वेस दाखवत राहतो. मला पाण्याकडे पाणी म्हणून बघत राहायचं आहे. त्याच्यावर स्वयंपाक करायचा आहे, भांडायचं आहे, कपडे वाळत घालायचे आहेत. ते चढलं की मला वर जायचं आहे आणि उतरलं की खाली. आमच्या घरातल्या एका तरी माणसाने पाण्याच्या वरच्या बाजूला राहावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही देकार दिला. तीन अटी घातल्या: पाणबुड्याने तराफा तपासून लेखी अहवाल द्यावा, सांडपाण्याच्या पंपाची तपासणी व्हावी, आणि सोसायटीच्या मागच्या दहा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचायला मिळावीत. तिसरी अट आईची. माणसं एकमेकांशी कशी वागतात ते कागदावर दिसतं, ती म्हणाली. सभेत कोण कुणाला बोलू देत नाही तेवढं बघ.

आणि मग तिने विचारलं, मी आले तर झोपू कुठं. लाकडी शिडीवरून माळ्यावर चढणार नाही, म्हणाली, आत्ताच सांगून ठेवते. खाली उत्तरेची लहान खोली आहे, तळ्याच्या बाजूची, जिथं बाईंची शिवणाची मशीन आहे. मी दुसऱ्या दिवशी बाईंना फोन करून विचारलं की त्या खोलीत एक पलंग आणि एक सागवानी कपाट कायमचं ठेवलं तर कोपरा बसेल का. त्यांनी वही काढली. पानं उलटल्याचा आवाज आला. त्या बाजूला मागच्या वेळी किती ड्रम घातले ते त्यांनी वाचून दाखवलं, मग पलंगाचा, गादीचा आणि कपाटाचा अंदाज विचारून मांडला.

"आणि आई?" त्या म्हणाल्या. "त्यांचं वजन किती?"

बावन्न किलो, मी सांगितलं. त्यांनी त्याचे पौंड केले आणि बेरजेत धरले.